भाड्याची खोली आणि बनवाबनवी

ऐंशीच्या दशकात सुरतेजवळच्या हजीऱ्यात कृभको आणि ओएनजीसीचे प्रकल्प उभे राहिले, आणि कामासाठी आलेली माणसं भाड्याची खोली शोधू लागली. त्याच दशकात, १९८८ साली, पडद्यावरच्या पुण्यात चार पोरांना राहायला जागा मिळेना म्हणून त्यांतल्या दोघांनी साड्या नेसल्या. इथल्या मराठी घरांत टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला की आजही कुणी चॅनेल बदलत नाही. बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या माणसाला घरमालकाचा पहिला प्रश्न पाठ असतो: ‘फॅमिली आहे ना?’

अडचणीतून थापा आणि थापांतून गोंधळ वाढवत नेणाऱ्या या जातीच्या विनोदाला हॉलिवूडमध्ये ‘स्क्रूबॉल’ म्हणत. त्याचा जन्म महामंदीतला. फ्रँक काप्राच्या ‘इट हॅपन्ड वन नाइट’मध्ये (१९३४) नोकरी गमावलेला बातमीदार आणि घरातून पळालेली श्रीमंताची लेक बसने निघतात. पैसे जपायचे म्हणून दोघांत एकच खोली, मध्ये दोरीवर टाकलेली चादर. त्या चादरीच्या दोन बाजूंना जी शब्दांची चकमक झडते, ती कुठल्याही प्रेमगीताहून रंगते. चित्रपटाने पाच ऑस्कर नेले. हिंदीने हीच गोष्ट ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) अशी दोनदा सांगितली.

आपणही मागे नव्हतो. १९३८ साली तिकडे हॉवर्ड हॉक्सचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ आला आणि पडला. त्याची थोरवी लोकांना पुढे कळली. इकडे त्याच वर्षी अत्र्यांच्या लेखणीतून आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनातून ‘ब्रह्मचारी’ आला. दोन्हींत पुरुष आपल्या व्रतात किंवा कामात गुंतलेला, आणि नायिका त्याचा पिच्छा सोडत नाही. मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या पोशाखाचीच चर्चा फार झाली. अत्र्यांनी ढोंगी वैराग्याची केलेली फजिती त्यामागे झाकली गेली, हे वाईट.

‘बनवाबनवी’ला हॉलिवूडच्या ‘सम लाइक इट हॉट’ची नक्कल म्हणणारे भेटतात. ते मला पटत नाही. तिचं मूळ शैलेश दे यांच्या बंगाली कथेत आहे. हृषीकेश मुखर्जींनी त्यावर ‘बीवी और मकान’ (१९६६) केला होता. वसंत सबनीसांनी मात्र तिला अस्सल पुणेरी करून टाकलं. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले सत्तर रुपये सुधीर जोशींचा घरमालक मागतो, तो प्रसंग पाहा. अशोक सराफ चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता ते पैसे थेट स्वर्गवासी करून टाकतात. थापेवर थाप चढत जाते आणि अखेर साडी नेसून पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डेंचं डोहाळजेवण होतं! पण मुळातली अडचण खोटी नाही. डोक्यावर छप्पर नाही, खिशात भाडं नाही. नुसत्या साडीवर हसवणारे सिनेमे पुढे पुष्कळ आले आणि विसरलेही गेले.

तेव्हा येत्या रविवारी ‘बनवाबनवी’ पुन्हा लावाल, तर त्याला जोडून ‘इट हॅपन्ड वन नाइट’ही लावा. पावणेदोन तासांचाच आहे.