टेबलापलीकडचा विद्यार्थी

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाला ‘टीए’, म्हणजे अध्यापन-साहाय्यकाची जागा, मिळाली, ही बातमी मराठी घरांत आता नवी राहिलेली नाही. पण ती बहुधा एम.एस. किंवा पीएच.डी. करणाऱ्याची असते. फी माफ होते, दरमहा विद्यावेतन सुरू होतं आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. बारावीनंतर थेट मानसशास्त्राच्या पदवीसाठी गेलेल्यांना मिळणारं साहाय्यकाचं काम निराळं. त्यात सहसा फी माफ होत नाही. कुठे तासावर पैसे, कुठे श्रेयांक, कुठे नुसता अनुभव. तरीही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते आवर्जून मिळवावं. आपल्या विषयात ज्याचा अभ्यास करतो, ते शिकणं इथे समोर बसलेल्या माणसात घडताना दिसतं.

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनीच. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं धाकट्यांकडून अक्षरं गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल या पाद्र्याने स्थानिक शाळांतलं वाळूवरचं अक्षरलेखन पाहिलं, आपल्या शाळेत आणलं आणि मुलांनाच शिकवायला बसवलं. १७९७ साली त्याने या प्रयोगाचा वृत्तान्त लंडनमध्ये छापला आणि ‘मद्रास पद्धत’ म्हणून तो इंग्लंडभर गेला.

महाविद्यालयात या कल्पनेला शास्त्रीय शिस्त लावणाऱ्यांत फ्रेड केलर हे नाव मोठं. हे मानसशास्त्राचे प्राध्यापक, बी. एफ. स्किनर यांचे हार्वर्डमधले सहाध्यायी आणि आयुष्यभराचे मित्र. ब्राझीलमधल्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी नवी अध्यापनपद्धत आखली; १९६४ साली ब्राझिलिया विद्यापीठात ती सुरू झाली आणि पुढे ॲरिझोनात त्यांनी ती रुजवली. १९६८ साली त्यांनी तिच्यावर लिहिलेल्या लेखाचं शीर्षकच शिक्षकाचा निरोप घेणारं होतं.

तो वर्ग नीट पाहण्यासारखा आहे. अभ्यासक्रमाचे लहान लहान घटक पाडलेले. ज्याने त्याने आपल्या गतीने वाचायचं आणि तयारी झाली की चाचणीच्या खोलीत यायचं. तिथे टेबलाशी बसलेला पदवीचाच विद्यार्थी, म्हणजे प्रॉक्टर, चाचणी देणार आणि समोरच तपासणार. उत्तर चुकलं तर तो विचारणार, ‘तू असं का लिहिलंस?’ पुष्कळदा समज बरोबर असते आणि शब्द चुकलेले असतात. मग तो गुण देऊ शकतो. नापास झाल्याचा शिक्का नाही. पुन्हा वाचून या, निदान अर्ध्या तासाने. प्रॉक्टर निवडताना विषयावरच्या पकडीइतकंच, नवख्याचं कुठे अडतं याची जाण त्याला आहे का, हे पाहिलं जाई. १९७९ साली कुलिक दांपत्य आणि कोहेन यांनी अशा ७५ तुलनात्मक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अंतिम परीक्षेत या वर्गांचे गुण नेहमीच्या वर्गांपेक्षा सरासरी आठेक टक्क्यांनी जास्त निघाले. पुढे ही पद्धत मागे पडली, याचं मला वाईट वाटतं. प्रॉक्टरचं टेबल मात्र टिकलं.

आज त्या टेबलाची तीन रूपं दिसतात. पहिलं, प्राध्यापकाचा साहाय्यक: तास भरतो तेव्हा हजर राहणं, ठरावीक वेळी शंकानिरसन, परीक्षेआधी उजळणी. दुसरं, विद्यापीठाच्या शिकवणी केंद्रातला ट्यूटर. तिसरं, मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ साली डिआना मार्टिन यांनी सुरू केलेल्या पूरक अध्यापनाचा प्रमुख. हा विद्यार्थी आपण उत्तीर्ण झालेल्या विषयाच्या तासांना पुन्हा बसतो आणि बाहेर गटचर्चा घेतो.

मानसशास्त्रात सर्वाधिक गिऱ्हाईक संख्याशास्त्राला आणि संशोधनपद्धतीला. समजा, एक मुलगी येते आणि म्हणते, ‘पी-मूल्य ०.०३ आलं, म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता तीन टक्के.’ ही चूक भल्याभल्यांची होते. कच्चा ट्यूटर व्याख्या सांगून मोकळा होतो. चांगला ट्यूटर खिशातून नाणं काढतो. ‘हे नाणं खरं आहे असं धरून चाल. दहांपैकी नऊ वेळा छापाच पडण्याची शक्यता किती? आणि ते काढताना नाणं खोटं असण्याची शक्यता तू कुठे मोजलीस?’ ती थांबते. आपण गृहीत धरलेल्या गोष्टीचीच शक्यता सांगत होतो, हे तिचं तिला उमगतं. हा प्रश्न सुचायला ट्यूटरला स्वतःला ती संकल्पना मुळातून समजावी लागते. १९८० साली जॉन बार्ग आणि याकोव्ह शूल यांनी दाखवलं की दुसऱ्याला शिकवायचं आहे या तयारीने वाचणारे, नुसतं स्वतःसाठी वाचणाऱ्यांपेक्षा जास्त शिकतात.

व्यवहाराचंही सांगायला हवं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला कमाल २० तास विद्यापीठाच्या आवारात काम करता येतं. ‘फेडरल वर्क-स्टडी’ची पदं त्याच्यासाठी नसतात, म्हणून जाहिरात नीट वाचावी. ज्या विषयात चांगली श्रेणी मिळाली, त्याच्याच प्राध्यापकांना सत्र संपता संपता भेटावं. ही कामं पुष्कळदा फलकावर लागण्याआधीच ठरतात. कुणाचे गुण कुणाला सांगू नयेत. विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या १९७४च्या अमेरिकी कायद्याने ती नोंद खासगी आहे. आणखी एक, मला फार महत्त्वाचं वाटणारं: मानसशास्त्राच्या टेबलाशी मुलं कधी कधी स्वतःचं दुःखही घेऊन येतात. ते आपुलकीने ऐकावं आणि त्यांना समुपदेशन केंद्रापर्यंत पोहोचवावं. उपचार करायला आपण बसलेलो नाही.

हे महाराष्ट्रात का होऊ नये? बी.ए.ला येणारी कितीतरी मुलं मराठीतून शिकलेली असतात आणि संदर्भग्रंथ इंग्रजीत. ‘प्रमाण विचलन’ आणि ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ एकच, हे कळेपर्यंत निम्मं सत्र निघून जातं. ही वाट नुकतीच तुडवलेला तृतीय वर्षाचा विद्यार्थी त्यांना जे सांगेल, ते वीस वर्षं शिकवणाऱ्यालाही सुचणार नाही, कारण त्याला आपलं अडणं अजून आठवतं. आरसा-रेखनाच्या प्रयोगात प्रयुक्ताला सूचना कशा द्यायच्या, प्रयोगवहीत निष्कर्ष आणि चर्चा वेगळी कशी ठेवायची, हे त्याच्याइतकं कोण सांगेल? नव्या अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला आणि क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक आहेत. विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. त्या योजनेत मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत तास भरतात. त्यातले काही तास मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रथम वर्षाच्या मुलांसाठी द्यायचे असतील, तर विभागप्रमुखांनी येत्या सत्राच्या वेळापत्रकात दोन दुपारी राखून ठेवाव्यात.