सगळ्या नळ्या सारख्याच

सकाळी ८.३०
पावसाळ्यात शहापूर-मुरबाड रस्त्यावर एसटी कधी येईल ते सांगता येत नाही. लॅबपुढची रांग मात्र वेळेवर लागते. डोळखांब, किन्हवली, सरळगाव, धसई, दोन्ही तालुक्यांतले लोक. लावणीचे दिवस म्हणजे तापाचे दिवस: मलेरिया, डेंग्यू, लेप्टो. एप्रन चढवायचा, केस घट्ट बांधायचे, मग जंतुनाशक, म्हणजे हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांच्या एका भागात चार भाग पाणी घातलं की १ टक्क्याचं द्रावण तयार. कालचं उरलेलं ओतून द्यायचं. ठेवलं की त्याचा जोर जातो.

९.००
रक्त घेणं सुरू. लहान मूल ऐन वेळी हात ओढतं. म्हणून आधीच सांगायचं, "ताई, कोपर धरून ठेवा हं." काम झालं की सुईला टोपण परत लावायचं नाही, टोचते ती बऱ्याचदा तिथेच. थेट सुई कापणाऱ्या हब कटरमध्ये.

सगळ्यांना धास्ती एचआयव्हीची. पण बाधित रक्ताची सुई टोचली तर त्याची लागण होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, हिपॅटायटिस सीची सुमारे २ टक्के आणि लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची ६ ते ३० टक्के. बीचा विषाणू तर टेबलावर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो.

११.००
थुंकीच्या डब्या. रुग्णाने बेडका काढायचा तो बाहेर, मोकळ्या हवेत. आत माझ्या तोंडावर एन-९५, खिडक्या सताड उघड्या. डबीचं झाकण हळू फिरवायचं. झटका दिला की बारीक तुषार उडतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. झाडूच्या हिराने पिवळट, घट्ट भाग उचलायचा आणि काचपट्टीवर ३ बाय २ सेंटिमीटर पसरायचा. पूर्ण वाळल्याशिवाय ज्योतीवर धरायचा नाही. ओला असला तर तडतडतो. हीर जंतुनाशकात. सुई टोचली तर कळतं तरी. क्षयाचा जंतू श्वासातून आत गेला तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही.

दुपारी १.००
सेंट्रिफ्यूज. आत नळी फुटल्याचा आवाज आला तर बटण बंद करायचं आणि अर्धा तास झाकण उघडायचं नाही. बाहेर रिपोर्टसाठी कितीही गलका होवो. त्यानंतर एप्रन खुंटीला, साबणाने हात, मग डबा. लॅबच्या टेबलावर चहासुद्धा नाही.

३.००
शिकाऊ मुलगी विचारते, "मॅडम, पॉझिटिव्ह सॅम्पलवर लाल खूण करू का?" नाही करायची. खुणेच्या नळीला आपण जपतो आणि उरलेल्या बिनधास्त हाताळतो. ज्याची तपासणीच झालेली नाही, त्याच्या नळीवर खूण कुठून येणार? शिवाय रुग्णाचं गुपित चव्हाट्यावर येतं ते वेगळंच.

४.३०
कचरा. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज आणि प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. घाईत एखादी सुई पिवळ्या पिशवीत गेली तर ती टोचते पिशवी उचलणाऱ्या मावशींना. चूक एकाची, रक्त दुसऱ्याचं.

टोचलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. बोट दाबायचं नाही, तोंडात घालायचं नाही. लगेच डॉक्टरांकडे जायचं. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांच्या आत तरी नक्कीच. ती २८ दिवस घ्यायची.

५.१५
हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. पहिले दोन सगळे घेतात. तिसरा राहून जातो. मावशींचा राहिलाय. "बरी तर आहे मी," म्हणतात. "बऱ्या आहात म्हणूनच घ्यायचा," मी म्हणते आणि तारीख लिहून देते.

टोचल्याच्या नोंदींची वही बहुतेक कोरीच असते. कुणाला टोचलं नाही, की कुणी बोललं नाही? कंत्राटी माणूस ओरडा खाण्यापेक्षा गप्प राहणं पसंत करतो. म्हणून वही पुरत नाही. निघण्याआधी रोज तोंडाने विचारावं लागतं, "मावशी, आज काही टोचलं का?" आणि हो म्हणाल्या, तर रागवायचं नाही.