नाव, वर्णन आणि मूल्य : डेलिलीच्या एका परसबागेवरून

वर्णनात्मक भाषाशास्त्र शिकविताना नाव देणे, वर्णन करणे आणि मूल्य ठरविणे ही तीन कार्ये परस्परांपासून निराळी आहेत, हे वारंवार सांगावे लागते. विद्यार्थी ते मान्य करतात, आणि पुढच्याच आठवड्यात बोलीच्या पाहणीत वर्णनाच्या रकान्यात 'अशुद्ध उच्चार' असे लिहून आणतात. प्रस्तुत लेखकास हा भेद ग्रंथांपेक्षा एका परसबागेत अधिक स्पष्टपणे उमगला. 2016 व 2017 ही दोन वर्षे अध्यापनानिमित्त अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात राहणे झाले. ज्या घरात भाड्याने राहिलो, तेथील मालकीणबाईंच्या दिवंगत पतींनी घरामागे डेलिलीचे पाच ताटवे लावलेले होते. नावांच्या पट्ट्या बर्फापावसात नाहीशा झाल्या होत्या. घर विकावयाचे ठरले होते आणि पतींच्या विशेष आवडीचे 'हायपेरियन' तेवढे बरोबर न्यावे, अशी बाईंची इच्छा होती. परंतु उंच, पिवळे ताटवे दोन होते. त्यांतले ते कोणते, हे त्यांना सांगता येईना. भाषेचे शिक्षक आहात, तर नावे लावून द्या, असे त्या अर्धवट थट्टेने म्हणाल्या.

डेलिली ही नावात लिली असली तरी खरी लिली नव्हे. लिली कंदातून उगवते. डेलिलीस कंद नसून मांसल मुळ्या असतात. लिनीअसने 1753 साली दिलेले हेमेरोकॅलिस हे प्रजातिनाम ग्रीकमधील 'दिवस' आणि 'सौंदर्य' या अर्थाच्या शब्दांपासून साधलेले आहे, व ते यथार्थ आहे. कारण यातील एकेक फूल बहुधा एकच दिवस टिकते. मात्र एका दांड्यावर अनेक कळ्या असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात, म्हणून ताटवा काही आठवडे फुललेला दिसतो.

या फुलांची नोंदणी करणारी संस्था अमेरिकेत 1946 साली स्थापन झाली. तिच्या दप्तरी आज नव्वद हजारांहून अधिक वाण आहेत. इतक्या वाणांचे वर्णन करावयाचे तर परिभाषा काटेकोर हवी, आणि ती तशी आहे. फुलास आतील तीन पाकळ्या व बाहेरील तीन दले असतात. सहाही एका रंगाची असल्यास फूल 'एकरंगी'; पाकळ्या व दले एकाच रंगाच्या दोन छटांची असल्यास 'द्विछटा'; दोन निराळ्या रंगांची असल्यास 'द्विरंगी'. (मराठी पर्याय लेखकाचे आहेत.) कंठाचा रंग यात धरावयाचा नाही, असा संकेत आहे, म्हणून हिरवट कंठाचे सोनेरी फूलही एकरंगीच ठरते. कंठाभोवतीच्या रंगपट्ट्याची नावे तर स्वनिमविचार करणाऱ्याने मुद्दाम पाहावीत. पट्टा उरलेल्या रंगाहून गडद असून पाकळ्या व दले या दोहोंवर उमटला असेल तर तो 'डोळा'. केवळ पाकळ्यांवर असेल तर 'पट्टा'. पुसट असेल तर 'खळे', चंद्राला पडते तसे. आणि भोवतालच्या रंगाहून फिका असेल तर 'जलखूण'. गडद की फिका, दोहोंवर की एकावर, ठळक की पुसट, अशा तीन विरोधांवर चारही संज्ञा उभ्या आहेत. यांपैकी एकही संज्ञा फूल चांगले की वाईट हे सांगत नाही.

रंगांच्या नावांपाशी ही शिस्त ढिली पडते. यादीत 'निळे' म्हणून मिरविणारे फूल प्रत्यक्षात जांभळट असते, कारण खरी निळी डेलिली अद्याप झालेली नाही. तेथे येणारी 'मेलन' ही संज्ञा खरबुजाच्या गरावरून आलेली आहे. मराठीत ती शब्दशः आणून काहीच साधत नाही, कारण त्या छटेला आपल्याकडे 'अबोली' हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे.

पाचांपैकी तिघांविषयी शंका नव्हती. कुंपणालगतचा नारिंगी ताटवा हेमेरोकॅलिस फुल्वाच्या 'युरोपा' या वाणाचा. त्यात गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे 33 गुणसूत्रे असल्याने बी जवळजवळ धरत नाही, तरी भूमिगत खोडांनी तो पसरतच राहतो. बुटका सोनेरी ताटवा 1975 साली नोंदलेल्या 'स्टेला दे ओरो'चा. त्याची पावती बाईंनी जपून ठेवली होती. (हे नाव धड इटालियनही नव्हे, धड स्पॅनिशही नव्हे.) तिसरा 1955 सालचा 'फ्रान्स हाल्स' : तांबूस पाकळ्या, नारिंगी दले, द्विरंगी फुलाचा नमुनाच. उरले ते दोन पिवळे.

'हायपेरियन' हा गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील वाण : उंची सुमारे 40 इंच, फूल पिवळे, एकरंगी, सुवासिक. दोन पिवळ्यांपैकी एकास वास मुळीच नव्हता, म्हणून तो वगळला. दुसऱ्यात सर्व लक्षणे जुळली. तरीही त्यावर ते नाव लावता येईना. वाणाचे नाव लक्षणसमुच्चयाला दिलेले नसते. ते एका रोपाला आणि त्याच्या मुळ्यांसह फोडून वाढविलेल्या संततीला दिलेले असते. 'हायपेरियन'च्या बियांतून तंतोतंत त्याच्यासारखे रोप उगवले, तरी ते 'हायपेरियन' नव्हे. जॉन स्टुअर्ट मिलने विशेषनाम निर्देश करते, गुण सांगत नाही, असे म्हटले होते. 1970 साली क्रिप्केने नाव हे वंशपरंपरेने हातोहात आलेले असते, असे मांडले. येथे ती परंपरा पट्टीसह तुटली होती. वर्णनाने 'नव्हे' असे निश्चित म्हणता आले. 'होय' म्हणता आले नाही.

मूल्याचा प्रश्न याहून निराळा. पहिल्या वर्षीच्या टिपणात लेखकाने 'स्टेला'ला अगदी खालचा क्रमांक दिला होता : फूल जेमतेम पावणेतीन इंचांचे, रंग पितळी. हीच ती चूक. ज्याचे फूल सायंकाळी संपते त्या वनस्पतीची किंमत एका फुलावरून करणे म्हणजे एका शब्दावरून वक्त्याची योग्यता ठरविणे होय. दांड्यावर कळ्या किती, फांद्या किती, वाऱ्यात दांडा कलतो का, थंड रात्रीनंतर फूल नीट उमलते का, ऑगस्टात पाने कशी दिसतात, हे पाहावे लागते. नवे रोप रुळण्यास दोनतीन वर्षे लागतात, ते वेगळेच. दुसऱ्या वर्षी 'स्टेला' जूनपासून थांबून थांबून पुन्हा फुलत राहिली. 'फ्रान्स हाल्स' दुरून देखणा दिसतो, पण जवळून त्याच्या रंगांची जोडी लेखकास भडक वाटली. 'युरोपा'चे फूल उत्तम. परंतु लहान बागेत तो लावू नये. हे निर्णय विस्कॉन्सिनपुरते आहेत. हिवाळ्यात पाने झडून सुप्त राहणारे वाण आपल्या उष्ण हवेत तितके समाधान देतीलच असे नाही.

सर्वांत सरस ठरला तो सुवासिक पिवळाच. बाईंना सारे समजावून सांगितले. 'हायपेरियन असू शकेल, नसूही शकेल' एवढ्यावर त्यांचे समाधान होईल असे वाटले नव्हते. त्यांनी विचारले, वास कोणत्याला आहे? दाखविले. खाली वाकून त्यांनी तो घेतला आणि तोच ताटवा काढावयास सांगितले. पट्टीवर लेखकाने लिहिले : 'पिवळी, उंच, सुवासिक. नाव अनिश्चित.' त्याखाली बाईंनी पेन्सिलीने पतींचे नाव लिहिले.