ड्रोनला आपली जागा कशी कळते?

लातूर-नांदेडच्या शिवारात फवारणीचे ड्रोन आता नवलाचे राहिलेले नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणीही ड्रोननेच होऊ लागली. साहजिकच हौशी विद्यार्थी सुटे भाग आणून स्वतः ड्रोन जोडू पाहतात. तेथे पहिली अडचण बहुधा एकच येते: जीपीएस मॉड्यूल जोडले, तरी ड्रोनला आपली जागा सापडत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. जीपीएस मॉड्यूल ड्रोन चालवीत नाही. चालवितो तो उड्डाण-नियंत्रक. मॉड्यूल हा केवळ साक्षीदार होय. बहुतेक मॉड्यूलमध्ये साक्षीदारही दोन असतात: जीपीएस सांगतो ‘कोठे आहे’, होकायंत्र सांगते ‘तोंड कोणीकडे आहे’. दोघांच्या तारा वेगळ्या, दोघांचे दोषही वेगळे. हा भेद ध्यानात न घेता शोध सुरू केला, तर दिवस वाया जातो.

शोध क्रमाने करावा. तत्पूर्वी ड्रोनची पाती काढून ठेवावीत. मॉड्यूलचा दिवा लागत नसेल तर दोष विजेच्या तारांत आहे. दिवा लागतो, पण नियंत्रकाला मॉड्यूल दिसत नाही, तर टीएक्स आणि आरएक्स या तारा पाहाव्यात. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी जावे, म्हणून एकाचा टीएक्स दुसऱ्याच्या आरएक्सला जोडायचा असतो. तारा बरोबर असतील, तर ज्या पोर्टला त्या जोडल्या तोच पोर्ट सेटिंगमध्ये जीपीएससाठी निवडला आहे का, आणि दोघांचा संदेशवहनाचा वेग जुळतो का, हे पाहावे.

मॉड्यूल दिसते, पण उपग्रह शून्य? मग बहुधा दोष यंत्राचा नसून छताचा असतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० कि.मी. उंचीवर फिरतात, त्यांचा क्षीण संदेश स्लॅबखाली नीट पोहोचत नाही. प्रकाशाच्या वेगाने निघालेल्या त्या संदेशाला येण्यास सेकंदाचा जेमतेम पंधरावा भाग लागतो. तो काळ मोजूनच अंतर काढायचे असल्याने घड्याळात सेकंदाच्या दहालक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणून तीन नव्हे, किमान चार उपग्रह लागतात; चौथा वेळेची चूक काढण्यासाठी. मोकळ्या मैदानात अँटेना आकाशाकडे ठेवून काही मिनिटे थांबावे. कॅमेरा व व्हिडिओ पाठविणारे यंत्र अँटेनापासून दूर असावे. पडद्यावर नांदेडला अक्षांश १९ व रेखांश ७७ च्या आसपास दिसले, म्हणजे साक्षीदार शुद्धीवर आहे.

जागा बरोबर, तरी ड्रोन एका ठिकाणी न थांबता वाढत्या घिरट्या घालू लागला, तर संशय होकायंत्रावर घ्यावा. मॉड्यूलवरील बाण ड्रोनच्या तोंडाच्या दिशेने आहे का, बॅटरीच्या जाड तारा जवळून जातात का, हे पाहावे. त्या तारांतील प्रवाह स्वतःच चुंबक होतो. म्हणून मॉड्यूल उंच दांडीवर बसवितात. होकायंत्राची जुळवणी मोटारसायकल, पत्रे आणि सळयांच्या स्लॅबपासून दूर करावी. आपला काळा पाषाणही किंचित चुंबकीय असतो, हे विसरू नये.

एवढी काळजी कशासाठी? संपर्क तुटला की ड्रोन ‘घरी’ परततो; ते घर म्हणजे उड्डाणापूर्वी नोंदलेली जागा. नोंद चुकीची असेल, तर फिरत्या पात्यांचे यंत्र खुरपणी करणाऱ्या बायांमध्ये उतरू शकते. गावठाणाच्या मोजणीत तर साध्या मॉड्यूलची काही मीटरची चूक म्हणजे शेजाऱ्याची भिंत! म्हणूनच तेथे जमिनीवरील कॉर्स स्थानकांचा आधार घेऊन ती चूक सेंटिमीटरपर्यंत खाली आणतात. शिवाय २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या ८ कि.मी. परिसरात परवानगीवाचून उड्डाण करता येत नाही, हे आपल्या शहरांत विशेष पाळले पाहिजे.

इतिहासाचा विद्यार्थी एका साक्षीवर निकाल देत नाही. दुसरी साक्ष तपासतो. ड्रोन जोडणाऱ्यानेही तेच करावे. दोन्ही साक्षी जुळल्यावरच पाती बसवावीत.