न मागता वाढणारा पगार

पुण्याजवळ लोणी काळभोरमध्ये सोलापूर रस्त्याने जाताना पेट्रोलियम डेपो लागतात. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईहून निघालेली पाइपलाइन इथे पोचते आणि इथून टँकर भरून बाहेर पडतात. या सरकारी तेल कंपन्यांत कायम नोकरीत असलेल्या माणसाचा महागाई भत्ता दर तीन महिन्यांनी बदलतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. त्यासाठी कुणाच्या केबिनचं दार वाजवावं लागत नाही, ‘जरा बोलायचं होतं’ म्हणत घसा खाकरावा लागत नाही. भाव उतरले तर भत्ता थोडा घटतोही, आणि तेव्हाही कुणी कुणाला बोलावून समजूत घालत नाही.

याच गावातून रोज खराडीच्या किंवा मगरपट्ट्याच्या आयटी कंपनीत जाणारी माणसंही आहेत. त्यांचं वेगळं. मार्च जवळ आला की सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म, मग रेटिंग, मग मॅनेजरबरोबरची अर्ध्या तासाची मीटिंग. भाजी दोघं एकाच बाजारातून घेतात. एकाला त्या भाजीच्या भावाची भरपाई आपोआप मिळते, दुसऱ्याला तोंड उघडावं लागतं. असं का, हे शोधत गेलं की एका अजब यंत्रणेपाशी पोचायला होतं.

केंद्र सरकारचा लेबर ब्यूरो देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांमधल्या ३१७ बाजारांतून किरकोळ भाव गोळा करतो. पुणे त्यांपैकी एक केंद्र. तांदूळ, तूरडाळ, कांदा, चपला, शाळेची फी, बसचं तिकीट, न्हाव्याचे पैसे, अगदी पान-सुपारी आणि तंबाखूसुद्धा. खाण्यापिण्याला ३९.१७ टक्के वजन, घराला १६.८७, इंधन आणि दिव्याला ५.५०, तंबाखू-सुपारीच्या गटाला २.०७. कामगाराच्या घरखर्चात ज्याचा जेवढा वाटा, तेवढं त्याचं वजन. २०१६ सालचा खर्च १०० धरायचा आणि आज तोच संसार चालवायला किती लागतात ते काढायचं, हाच निर्देशांक. घरभाड्याचा आकडा सहा महिन्यांतून एकदाच, जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्यामुळे त्या महिन्यांत निर्देशांक कधी कधी टुणकन उडी मारतो.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हा निर्देशांक औद्योगिक कामगारांचा आहे. कारखाने, खाणी, चहा-कॉफीसारखे मळे, रेल्वे, बंदरं, मोटार वाहतूक आणि वीज या सात क्षेत्रांत राबणाऱ्यांच्या घरखर्चावरून तो बांधलेला. पण तेल कंपन्यांप्रमाणेच केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ताही याच आकड्यावर ठरतो, शिपायाचाही आणि सचिवाचाही. दिल्लीतल्या सचिवाचा भत्ता वाढतो तो गोदी कामगाराच्या डाळीचा भाव वाढला म्हणून! केंद्र सरकारचं सूत्र तर आठवीतल्या मुलाला सुटेल इतकं सोपं. निर्देशांकाच्या २०१६ च्या आधीच्या जुन्या मालिकेतली मागच्या बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, त्यातून २६१.४२ वजा करायचे, उरलेल्याला २६१.४२ ने भागायचं, शंभराने गुणायचं आणि अपूर्णांक सोडून द्यायचा. २६१.४२ ही २०१५ सालची सरासरी. सरासरी ४०० च्या आसपास गेली की उत्तर येतं ५३, आणि जुलै २०२४ पासून भत्ता ५३ टक्केच होता.

हे मोजमाप मुंबई इलाख्यात शंभर वर्षांहून जुनं आहे. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडलं, ‘लेबर गॅझेट’ सुरू केलं आणि कामगार कुटुंब महिन्याला कशावर किती खर्च करतं याची पाहणी केली. पहिल्या महायुद्धानंतर धान्य-कापड कडाडलेलं आणि गिरण्यांत संपांवर संप चाललेले. भावांवरून भांडायचं तर निदान भाव किती वाढले यावर तरी एकमत हवं, हा त्यामागचा साधा व्यवहार. आज राज्यात किमान वेतनावर काम करणाऱ्यांचा विशेष भत्ताही निर्देशांकाला बांधलेला आहे आणि वर्षातून दोनदा ठरतो.

मग अप्रेझलच्या खोलीत काय होतं? तिथे प्रश्नच बदललेला असतो. भत्त्याचं यंत्र विचारतं, जगायला किती लागतं? कंपनी विचारते, हा माणूस गेला तर तसाच दुसरा केवढ्याला पडेल? मागणारा बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन दुसऱ्या प्रश्नाच्या दारात उभा राहतो. घराचा हप्ता, मुलाची शाळा, वाढलेलं भाडं. सगळं खरं असतं, आणि समोरचा मॅनेजर मान डोलावतो, कारण त्याचंही तेच चाललेलं असतं. पण त्याच्याजवळच्या तक्त्यात भाड्याचा रकानाच नसतो.

त्या तक्त्यात असतो बेल कर्व्ह. गणितज्ञ गाऊसने १८०९ मध्ये ही घंटेच्या आकाराची रेषा वापरली ती आकाशातल्या ग्रहगोलांच्या निरीक्षणांत होणाऱ्या चुका समजून घेण्यासाठी. दोनशे वर्षांनी तीच रेषा अनेक कंपन्यांत ठरवू लागली की टीममधल्या दहाजणांपैकी उत्तम दोघांनाच म्हणायचं. काही कंपन्यांनी ती सोडून दिली आहे. पण नाव बदललं तरी पगारवाढीची रक्कम मॅनेजरला आधीच ठरवून मिळते. मीटिंगच्या दिवशी मागणं म्हणजे बहुधा पंगत उठल्यावर पानावर बसणं. बोलायचं ते दोन-तीन महिने आधी, रक्कम ठरायच्या अगोदर.

आणि आकडा ऐकताना आपलं मन आपल्यालाच फसवतं. डॅनियल काहनेमन, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कॅनडातल्या लोकांना दोन प्रसंग सांगितले होते. पहिल्यात महागाई नाही आणि कंपनी पगार ७ टक्क्यांनी कापते. ६२ टक्के लोक म्हणाले, हा अन्याय. दुसऱ्यात महागाई १२ टक्के आहे आणि कंपनी ५ टक्के वाढ देते. अन्याय म्हणणारे फक्त २२ टक्के. दोन्हीकडे खिशातून जाणारं जवळपास तेवढंच, पण दुसऱ्या कपातीवर ‘वाढ’ अशी चिठ्ठी लावलेली. चिठ्ठी पाहूनच माणूस आभार मानून खोलीबाहेर येतो.

म्हणून मागणीचे दोन तुकडे करून मांडणं मला शहाणपणाचं वाटतं. महागाईएवढी वाढ म्हणजे फक्त जागच्या जागी उभं राहणं, हे आधी आकड्यानिशी सांगायचं. त्याच्या वरचं जे मागायचं त्याला घरचं कारण द्यायचं नाही, कामाचं द्यायचं. कोणती जबाबदारी नव्याने घेतली, कोणतं काम आपल्यावाचून अडतं, त्याच कामाला बाजारात आज काय मिळतं. दोन-तीन टक्क्यांसाठी तोंड कशाला वाजवा, असं वाटणाऱ्यांनी एवढा हिशेब करून पाहावा. पन्नास हजारांचा पगार दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला तर दहा वर्षांनी साधारण ८९,५०० होतो, ९ टक्क्यांनी वाढला तर १,१८,००० च्या वर जातो. महिन्याला जवळपास एकोणतीस हजारांचा फरक.

तिसरी एक तऱ्हा लोणीच्या शेजारीच, थेऊरला दिसते. राज्यातल्या साखर कामगारांची वाढ त्रिपक्षीय समितीत ठरते. सरकार, कारखानदार आणि कामगार संघटना एकत्र बसतात आणि संघटना सगळ्यांसाठी एकदम मागतात. २०२५ मध्ये १० टक्के वाढ ठरली. पण थेऊरचा यशवंत सहकारी साखर कारखाना दशकाहून जास्त काळ बंद राहिला, आणि ज्या कारखान्याची चिमणीच पेटत नाही तिथे दहा टक्के कशाचे काढायचे?

अप्रेझल तोंडावर असलेल्यांसाठी एक सोय आहे. लेबर ब्यूरो मागच्या महिन्याचा निर्देशांक साधारण चालू महिन्याच्या अखेरीस जाहीर करतो आणि केंद्रवार आकडेही देतो. त्यात पुण्याची ओळ शोधायची, तिला बारा महिन्यांपूर्वीच्या ओळीने भागायचं, एक वजा करायचा आणि शंभराने गुणायचं; ही वर्षभराची महागाई. फॉर्म उघडण्याआधी पाच मिनिटांचं काम.