कर्ज तिच्या नावावर, उसाचे बिल कोणाच्या?



आपल्या बुटीबोरी भागात हरघडी दिसणारी एक गोष्ट सांगतो. खोडव्याला खत द्यायचे होते आणि हातात पैसा नव्हता. घरच्या बाईने बचत गटातून कर्ज उचलले, सही तिनेच केली. खत वावरात पडले, निंदणही तिनेच केले. ऊस कारखान्याला गेला आणि बिल जमा झाले घरधन्याच्या खात्यात. आता गटाचा हप्ता भरायला तिने त्याच्यापुढे हात पसरायचा! कर्ज तिचे, मेहनत दोघांची, बिल मात्र एकट्याचे. हा हिशेब बरोबर आहे का?

बचत गटाला "बायकांची भिशी" म्हणून हसणारे अजून आहेत. पण गटाचे काम पक्के असते. दहा ते वीस बाया एकत्र येतात. नियमित बैठक, नियमित बचत, आपसांत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही त्यांची पंचसूत्री. सहा महिने गट नीट चालला की बँक कर्ज देते. जमीन गहाण लागत नाही, कारण एकीच्या हप्त्याला सगळ्या जबाबदार असतात. नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे 'माविम', १९७५ या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात स्थापन झाले. २०११ पासून 'उमेद' अभियानही गावोगाव गट आणि त्यांचे ग्रामसंघ बांधत आले आहे.

बायांना हिशेब जमत नाही म्हणणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील म्हसवडची हकीकत ऐकावी. तेथील बायांनी चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचे ठरवले. अनेकींना लिहिता-वाचता येत नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. बाया अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, तोंडी करून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

मात्र गटाने पत मिळते, मालकी मिळत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी हे ओळखले. त्यांच्या 'लक्ष्मीमुक्ती' मोहिमेत हजारो कास्तकारांनी राजीखुशीने जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. पुढे १९९२ साली शासनानेही परिपत्रक काढले. नवऱ्याने अर्ज दिल्यास बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची सोय त्यात झाली.

आता हे कारखान्याशी कसे जुळते ते पाहू. ऊस उत्पादक सभासद व्हायचे तर नावावर जमीन लागते. सातबारा असेल तर उसाची नोंद, नोंद असेल तर बिल, आणि भाग असेल तर मत. संचालक मंडळात महिलांसाठी दोन जागा राखीव असतात, पण जिच्या नावे भागच नाही ती ना मत देऊ शकते, ना उभी राहू शकते. पहिली कडी सातबाऱ्याची. ती तुटली की पुढची सारी साखळी सुटते.

कोणी म्हणेल, नाव कोणाचेही असो, घर तर एकच आहे ना? घर एकच आहे, मग तिचे नाव लावायला हरकत कसली? उद्या धनी अचानक गेला, तर वारसनोंदीसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या तिलाच झिजवाव्या लागतात.

म्हणून आमची विनंती एवढीच. तलाठ्याकडे जाऊन पत्नीचे नाव लावण्याची रीत विचारून घ्या. भागावर वारस नेमला आहे की नाही, ते सभासद विभागात तपासा. भाग आपल्या नावे वर्षभर असला, तर तिला रीतसर सभासद करून तो तिच्या नावे करता येतो. आणि हे काहीच जमले नाही, तरी बिल आले की सगळ्यात आधी तिच्या गटाचा हप्ता तिच्या हातात द्या. तो तिने मागायची वाट पाहू नका.