आठ सेकंदांची काटकसर

साडेतीन इंची हार्ड डिस्कमधली तबकडी साधारण ९५ मिलिमीटर व्यासाची असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कमध्ये तिच्या कडेचा वेग ताशी सुमारे १३० किलोमीटर भरतो. दिवसाला एक कोटीहून जास्त फेरे होतात. वर्षभर अखंड फिरली तर कडेवरचा एक बिंदू ११ लाख किलोमीटर कापतो, म्हणजे पृथ्वी ते चंद्र या अंतराच्या जवळजवळ तिप्पट. आणि माहिती वाचणारे हेड तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असते. आपला केस त्याच्या हजारो पट जाड!

एवढी कसरत चालूनही झीज फारशी होत नाही, कारण मध्ये हवेचा थर असतो आणि हेड तबकडीला टेकतच नाही. हेडला त्रास होतो तो तबकडीवरून उतरताना आणि परत चढताना. वीज वाचवण्यासाठी नेमके हेच करायला लावले जाते. हेड बाजूच्या रॅम्पवर नेऊन ठेवले की हवेचा अडथळा घटतो आणि मोटरवरचा भार थोडा हलका होतो.

वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ डिस्क ८ सेकंद काम मिळाले नाही की हेड असे रॅम्पवर ‘पार्क’ करत. त्यांची सहनशक्ती ३ लाख पार्किंगची सांगितलेली होती. आकडा ऐकायला भरपूर वाटतो. पण लिनक्ससारखी प्रणाली काही ना काही नोंदी लिहीतच असते. दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाला २,८८० वेळा चढ-उतार, आणि ३ लाखांचा साठा साडेतीन महिन्यांत खलास! त्यानंतर डिस्क लगेच मरत नाही, कित्येक पुढेही चालल्या. पण कागदावरचे आयुष्य संपलेले असते. २००७च्या सुमारास उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती वापरणाऱ्यांनी लॅपटॉपच्या डिस्कबद्दल हीच ओरड केली होती. तिथे मर्यादा ६ लाखांची होती, एवढाच फरक. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते त्या ‘स्मार्ट’ तक्त्यात १९३ क्रमांकाच्या ओळीत ही मोजणी दिसते. लोकांनी ती उघडून पाहिली आणि हादरले. उपाय सोपा निघाला: ‘ग्रीन’ची ८ सेकंदांची मुदत ३०० करायची. मग अर्ध्या मिनिटाला काम मिळणारी डिस्क कधी पार्कच होत नाही.

आता बचत किती? अर्धा वॅट वाचला असे धरू. वर्षाला साडेचार युनिटही होत नाहीत. दहा रुपये युनिटने ४४ रुपये. त्यासाठी काही हजारांची डिस्क पणाला लावायची, हा व्यवहार मला तरी पटत नाही. पण कंपनीच्या टेबलावरून हिशेब निराळा दिसतो. अशा एक कोटी डिस्क धरल्या तर तोच अर्धा वॅट वर्षाला ४ कोटी ३८ लाख युनिट होतो. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे. फक्त बचत कोटींच्या बेरजेत दिसते आणि डिस्क एकाच्याच घरी बिघडते.

चिपवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही, तरीही ‘हायबरनेट केले की ती झिजते’ ही धास्ती आहेच, कारण वीज वाचवायला संगणक हायबरनेट केला की रॅममधला मजकूर एसएसडीवर लिहिला जातो. एक टीबीच्या अनेक एसएसडींची लेखनमर्यादा ६०० टीबी असते. रोज एकदा १६ जीबी रॅम पुरती लिहिली तरी वर्षाला सहा टीबीसुद्धा होत नाही. ६०० गाठायला शंभर वर्षे लागतील. दिवसातून आठदा हायबरनेट करणाऱ्या अतिकाटकसरी माणसालाही बारा वर्षांहून जास्त मिळतात, आणि त्याआधी त्याच्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दोनदा बदललेली असेल.